तेरा गाणी, तीन गावं

३० जून १९९८ रोजी अमेरिकेत ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ हा अल्बम विक्रीला आला, तेव्हा त्यातल्या गाण्यांच्या आधी त्याची भानगडच लोकांच्या कानावर गेली होती. ल्युसिंडा विल्यम्सचा आधीचा अल्बम १९९२ सालचा. मधल्या सहा वर्षांत टेक्सासमधल्या ऑस्टिनला बहुतांशी पुरं झालेलं ध्वनिमुद्रण तिने बाजूला ठेवलं, टेनेसीतल्या नॅशव्हिलला तीच गाणी पहिल्यापासून पुन्हा गायली, आणि तिथल्या टेपांवर शेवटचा हात फिरवायला कॅलिफोर्नियातलं लॉस एंजेलिस गाठलं. या खटाटोपात निर्माते बदलले, जुनी दोस्ती तुटली आणि रेकॉर्ड कंपनीही बदलली. १९९७ च्या सप्टेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकाने या रखडपट्टीवर लांबलचक लेख छापला. तो वाचून लोकांचं मत झालं की बाई हेकट आहे, हिचं कशानेच समाधान होत नाही.

या अल्बमची हकिगत सांगणारे बहुतेक जण इथून सुरुवात करतात आणि इथेच थांबतात. पण सहा वर्षांचं रखडणं हे या कथेतलं शेवटचं प्रकरण आहे. गाण्यांना सहा वर्षं लागली नव्हतीच. बहुतेक गाणी ऑस्टिनला जाण्याआधी तयार होती. अडलं होतं ते या गाण्यांत स्वतःचा आवाज कसा ऐकू यावा या प्रश्नावर. तो प्रश्न कुठून आला हे कळण्यासाठी तिच्या जन्मगावापर्यंत मागे जायला हवं.

लुइझियाना राज्यात लेक चार्ल्स नावाचं गाव आहे. १९५२ साली तिथे हँक विल्यम्सचा कार्यक्रम झाला. हँक म्हणजे कंट्री संगीताचा त्या काळचा अनभिषिक्त राजा. गावातल्या मॅक्नीज कॉलेजातले एक तरुण अध्यापक, मिलर विल्यम्स, त्याला भेटले आणि दोघांनी एकत्र बसून पेला रिकामा केला, ही आठवण मिलर पुढे सांगत. आडनाव एकच असलं तरी दोघांचं नातं काही नव्हतं. त्यानंतर थोड्याच काळाने, १ जानेवारी १९५३ रोजी, हँक एका कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या सीटवर वारला. वय अवघं २९. पंचवीस दिवसांनी, २६ जानेवारीला, लेक चार्ल्समध्ये मिलर यांना मुलगी झाली. तीच ल्युसिंडा.

मिलर शिकवायचे जीवशास्त्र आणि लिहायचे कविता. लेखिका फ्लॅनरी ओकॉनर त्यांच्या परिचयाची होती. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला कविता शिकवणारा माणूस हवा होता तेव्हा तिनेच मिलर यांचं नाव सुचवलं, आणि जीवशास्त्राचा मास्तर इंग्रजी विभागात जाऊन बसला. जॉर्जियातल्या मिलेजव्हिलजवळच्या ओकॉनरच्या शेतघरी वडिलांबरोबर गेलेली लहानगी ल्युसिंडा तिथल्या मोरांमागे धावत सुटायची. ओकॉनरच्या कथांमध्ये दक्षिणेतली छोटी गावं, धर्मवेडे उपदेशक आणि अचानक येणारा हिंसाचार असतो. ल्युसिंडाच्या गाण्यांतही पुढे हीच वस्ती दिसू लागली.

प्राध्यापकाच्या नोकरीत बिऱ्हाड सारखं हलत राहिलं. जॉर्जियातलं मेकन, मिसिसिपीतलं जॅक्सन, बॅटन रूज, न्यू ऑर्लिन्स, चिलीतलं सँतियागो, मेक्सिको सिटी, आणि शेवटी आर्कान्सामधलं फेएटव्हिल. मेकनच्या रस्त्यावर ब्लाइंड पर्ली ब्राऊन हा अंध गायक गिटार घेऊन भक्तिगीतं गायचा. वडील तिला ऐकवायला न्यायचे. घरात हँकच्या रेकॉर्डी होत्या, ब्लूज होतं. आई पियानो वाजवायची, पण तिचा मानसिक आजार घरावर सतत सावट धरून असे आणि पुढे आई-वडील वेगळे झाले. १९६५ साली, ल्युसिंडा बारा वर्षांची असताना, वडिलांचा एक विद्यार्थी बॉब डिलनचा नुकताच आलेला ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’ घरी घेऊन आला. साहित्य आणि रस्त्यावरचं गाणं या दोन्हींत वाढलेल्या मुलीला त्या दिवशी समजलं की ही दोन्ही एकाच गाण्यात नांदू शकतात.

वडिलांकडून तिला आणखी एक सवय लागली, ती खाडाखोडीची. मिलर हे साधेसुधे हौशी कवी नव्हते. बिल क्लिंटन यांच्या दुसऱ्या शपथविधीला, जानेवारी १९९७ मध्ये, कविता वाचायचा मान त्यांना मिळाला होता. मुलगी नव्या गाण्यांचे शब्द त्यांना दाखवायची आणि ते गुळगुळीत झालेला शब्द बरोबर पकडायचे. ज्या घरात एका विशेषणावरून तासभर चर्चा व्हायची, त्या घरातली मुलगी गिटारच्या एका सुरावरून महिनाभर अडून बसली तर त्यात नवल नाही.

तिची पहिली रेकॉर्ड मात्र झटपट झाली होती. जॅक्सनच्या मॅलॅको स्टुडिओत फोकवेज या लोकसंगीताच्या कंपनीसाठी तिने जुनी ब्लूज आणि कंट्री गाणी गायली. मानधन २५० डॉलर. १९७९ साली ती ‘रॅम्बलिन ऑन माय माइंड’ या नावाने आली. पुढच्याच वर्षी ह्यूस्टनला ‘हॅपी वुमन ब्लूज’ झाली आणि त्यात सगळी गाणी तिची स्वतःची होती. ‘आय लॉस्ट इट’ हे त्यातलंच एक. ते १९९८ च्या अल्बममध्ये नव्याने गायलेलं सापडतं. म्हणजे ज्या अल्बमला सहा वर्षं लागली असं सगळे म्हणतात, त्यातलं एक गाणं अठरा वर्षांचं होतं.

त्यानंतर आठ वर्षं काहीच आलं नाही. ती लॉस एंजेलिसला राहत होती. १९८० च्या दशकाच्या मध्याला सीबीएस कंपनीने तिच्याकडून नमुन्याची टेप करून घेतली. लॉस एंजेलिसच्या कचेरीने ऐकून सांगितलं की हे रॉकसाठी फारच कंट्री आहे. टेप नॅशव्हिलच्या कचेरीत गेली. तिथे उत्तर मिळालं की हे कंट्रीसाठी फारच रॉक आहे. या दोन उत्तरांमुळे तिला दाखवता येईल असा खणच बाजारात नव्हता. अमेरिकेतली रेकॉर्डची दुकानं, रेडिओ स्टेशनं आणि बक्षिसं हे सगळं खणांवर चालतं. गाणं कोणत्या खणात बसतं हे ठरलं नाही, तर ते कोणी वाजवायचं हेही ठरत नाही.

शेवटी तिला जागा दिली ती एका ब्रिटिश पंक कंपनीने. लंडनच्या रफ ट्रेडची अमेरिकेत शाखा होती. त्यांना कंट्रीचं सोयरसुतक नव्हतं, पण गाणी आवडली. १९८८ साली तिच्याच नावाचा अल्बम आला. त्यातलं ‘पॅशनेट किसेस’ पुढे मेरी चेपिन कार्पेंटरने गायलं, रेडिओवर गाजलं आणि १९९४ साली ल्युसिंडाला सर्वोत्तम कंट्री गाण्याचं ग्रॅमी मिळालं, गीतकार म्हणून. ‘चेंज्ड द लॉक्स’ टॉम पेटीने उचललं, ‘द नाइट्स टू लाँग’ पॅटी लव्हलेसने. गाणी दुसऱ्यांच्या गळ्यांतून घरोघरी पोहोचत होती, पण तिचा स्वतःचा आवाज मात्र माहीतगारांपुरताच राहिला. रफ ट्रेडची अमेरिकी शाखा १९९१ मध्ये बुडाली. आरसीए या कंपनीशी करार झाला, सूर जुळला नाही. १९९२ चा ‘स्वीट ओल्ड वर्ल्ड’ चॅमेलियन या कंपनीने काढला, ती कंपनीही टिकली नाही. भाड्याची खोली बदलावी तसं हे कंपन्या बदलणं चालू होतं.

त्या काळात नॅशव्हिलच्या कंट्री संगीताला बरकत आली होती. गार्थ ब्रुक्ससारखे रुंद टोपीवाले गायक क्रीडांगणं भरत होते आणि रेकॉर्डी गुळगुळीत, चकचकीत निघत होत्या. याच्या उलट दिशेला पंक आणि रॉकवर वाढलेली तरुण मुलं आजोबांच्या पिढीच्या गाण्यांकडे वळत होती. इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावच्या अंकल टुपेलो या बँडने १९९० मध्ये ‘नो डिप्रेशन’ अल्बम काढला. नाव घेतलं होतं कार्टर फॅमिलीने १९३६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या एका गाण्यावरून. १९९५ मध्ये सिॲटलहून याच नावाचं मासिक निघालं. नॅशव्हिलच्या वाड्याबाहेर राहिलेल्या या सगळ्या संगीताला तोवर ‘आल्टरनेटिव्ह कंट्री’ म्हणायला सुरुवात झाली होती. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो ग्रॅम पार्सन्स १९७३ सालीच गेला होता, पण त्याच्या जोडीने गाणारी एमिलू हॅरिस होती. तिने १९९५ मधल्या आपल्या ‘रेकिंग बॉल’ या अल्बमात ल्युसिंडाचं ‘स्वीट ओल्ड वर्ल्ड’ गायलं, आणि ‘कार व्हील्स’मधल्या ‘ग्रीनव्हिल’मध्ये ल्युसिंडाच्या मागे साथीचा सूर लावला.

आता गाण्यांकडे येऊ. अल्बममध्ये तेरा गाणी आहेत आणि ती ऐकताना जवळ नकाशा असला तर बरं. जॅक्सन, लफाएट, बॅटन रूज, व्हिक्सबर्ग, लेक चार्ल्स, ग्रीनव्हिल, रोझडेल, स्लायडेल, मेकन. नकाशावर पाहिलं तर ही गावं बहुतेक मिसिसिपी आणि लुइझियाना या दोन राज्यांत, एका दिवसाच्या मोटार प्रवासाच्या टप्प्यात येतात. ‘जॅक्सन’ या शेवटच्या गाण्यात सगळी गंमत गावांच्या क्रमावर आहे. एक बाई गाडी चालवते आहे आणि प्रत्येक गावी पोहोचल्यावर आपल्याला त्याची आठवण येणार नाही असं स्वतःला बजावते आहे. गावं बदलतात, म्हणणं बदलत नाही. तिसऱ्या गावापर्यंत ऐकणाऱ्याला कळून चुकतं की आठवण तिच्याबरोबर गाडीतच बसली आहे.

काही गाणी माणसांवर आहेत. ‘ड्रंकन एंजल’ हे ब्लेझ फोली या ऑस्टिनच्या गायकासाठी. फोली चिकटपट्टीने सांधलेले बूट घालायचा, मित्रांच्या सोफ्यांवर झोपायचा आणि दारू प्यायल्यावर अनेकदा बारमधून बाहेर काढला जायचा. १ फेब्रुवारी १९८९ रोजी एका भांडणात गोळी लागून तो मेला. ल्युसिंडाने त्या बुटांवरची पट्टीसुद्धा गाण्यात ठेवली आहे. शोकगीत लिहिणारा माणूस सहसा अशा वस्तू गाळतो. तिने त्या ठेवल्या, म्हणून तो संत न होता माणूस राहिला. ‘लेक चार्ल्स’ हे तिच्या एका जुन्या प्रियकरावर. तो होता टेक्सासचा, पण आपण लेक चार्ल्सचेच आहोत असं सगळ्यांना सांगायचा. ज्या गावात तिचा जन्म झाला ते गाव त्याने स्वतःहून आपलं मानलं होतं. ‘टू कूल टू बी फर्गॉटन’ हे गाणं मात्र एका पुस्तकातून निघालं. बर्नी आइम्स या छायाचित्रकाराने मिसिसिपीतल्या ज्यूक जॉइंटची, म्हणजे कृष्णवर्णीय वस्तीतल्या नाच-गाण्याच्या आणि दारूच्या गुत्त्यांची छायाचित्रं काढली होती. भिंतींवर रंगाने लिहिलेले नियम, इशारे, फुशारक्या तिने त्या फोटोंतून उचलल्या आणि एकापुढे एक मांडल्या. तेरापैकी फक्त ‘कान्ट लेट गो’ हे एक गाणं पूर्णपणे दुसऱ्याचं, रँडी वीक्सचं.

आणि शीर्षकगीत. मेकनमधलं एक स्वयंपाकघर. रेडिओवर कंट्री गायिका लोरेटा लिन. कॉफीचा, अंड्यांचा वास. घाईघाईने बांधाबांध. मग गाडी, बाहेर पळणारे तारांचे खांब, कपाशीची शेतं, पुढच्या सीटवरून येणारं मोठ्यांचं दबकं बोलणं. मागे चार-पाच वर्षांची मुलगी, गालांवर धूळ आणि अश्रू. घरात काय बिनसलं आहे हे गाणं सांगत नाही, कारण ते मुलीलाही माहीत नाही. तिला खडीवर वाजणारी चाकं तेवढी ऐकू येतात. प्रत्येक कडवं शेवटी त्या आवाजापाशी येतं आणि तीच ओळ धृपदाचं काम करते. आठवणीचं गाणं लिहिताना मोठेपणीचं शहाणपण आत शिरू न देणं अवघड असतं, आणि इथे ते एका शब्दानेही शिरलेलं नाही.

अशी गाणी घेऊन ती १९९५ मध्ये ऑस्टिनच्या स्टुडिओत शिरली. निर्माता होता गर्फ मॉर्लिक्स. दहा वर्षांहून जास्त काळ तो तिचा गिटारवादक होता, आधीच्या दोन्ही अल्बमांच्या निर्मितीत त्याचा हात होता, आणि ब्लेझ फोली त्याचाही जिवलग मित्र होता. बेसवर जॉन चंबॉटी, ड्रम्सवर डॉनल्ड लिंडली. सगळा मेळ घरचा. काम होतही आलं होतं. पण टेप ऐकताना तिला काहीतरी खुपत होतं आणि काय खुपतं हे नेमकं सांगता येत नव्हतं. वाजवणं चोख होतं, गाणीही आपल्या जागी होती. आवाज तेवढा सपाट वाटत होता.

उत्तर मिळालं ते दुसऱ्याच्या रेकॉर्डवर. स्टीव्ह अर्ल हा टेक्सासमध्ये वाढलेला, नॅशव्हिलमध्ये घडलेला गायक. व्यसनामुळे १९९४ मध्ये तुरुंगाची हवा खाऊन तो बाहेर पडला आणि नव्या दमाने कामाला लागला होता. १९९६ च्या ‘आय फील ऑलराइट’ या त्याच्या अल्बमातल्या शेवटच्या गाण्यात ल्युसिंडाने त्याच्याबरोबर गायलं. टेप परत वाजवली तेव्हा ती चकित झाली. स्वतःचा आवाज तिने असा कधी ऐकलाच नव्हता.

अर्लचा भागीदार होता ध्वनिमुद्रक रे केनेडी. दोघं मिळून ‘ट्वँगट्रस्ट’ या नावाने निर्मिती करत आणि केनेडीच्या नॅशव्हिलमधल्या ‘रूम अँड बोर्ड’ स्टुडिओत जुनी, व्हॉल्व्हवर चालणारी यंत्रं होती. त्यांपैकी कंप्रेसर हे यंत्र इथे समजून घ्यायला हवं. गाणारा कधी मोठ्याने गातो, कधी पुटपुटतो. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो, आणि मग सगळी पातळी वर उचलता येते. त्यामुळे एरवी वाद्यांखाली बुडून जाणाऱ्या बारीकसारीक गोष्टी पुढे येतात. शब्द फुटण्याआधीचा श्वास, ओळीच्या शेवटी विरत जाणारी घरघर, दक्षिणी उच्चारात ओढला जाणारा स्वर हे सगळं ऐकू येऊ लागतं. ज्याचा गळा गोड आणि गोल आहे त्याला अशा यंत्राने फारसा फायदा होत नाही. ल्युसिंडाचा आवाज कोरडा, किंचित घोगरा, कडेला झिजलेला. त्याची सगळी कमाई या कडेवरच होती. ऑस्टिनच्या टेपांमध्ये नेमकी ती कड हरवत होती.

अर्ल आणि केनेडी यांच्याकडे एक-दोन गाणी करून पाहू म्हणून ती नॅशव्हिलला गेली आणि सगळीच गाणी पुन्हा करायचं ठरलं. अर्लला कामाचा झपाटा आवडतो. दोन-तीन वेळा वाजवायचं आणि पुढे जायचं. तिची रीत याच्या अगदी विरुद्ध. दोघांचे खटके उडाले. या कामात आपल्याला मजा अशी आलीच नाही, हे अर्लने पुढे मोकळेपणाने सांगितलं. मॉर्लिक्स गिटार वाजवायला नॅशव्हिलला आला होता, पण आपण वर्षभर घडवलेलं काम दुसऱ्याच्या हातून पुन्हा घडताना पाहणं त्याला जड गेलं. तो निघून गेला आणि ती जोडी कायमची फुटली. त्याने वाजवलेली गिटार अल्बममध्ये आहे. पुढे तो स्वतः नावाजलेला निर्माता झाला आणि २०११ साली त्याने ब्लेझ फोलीच्या गाण्यांचा एक अख्खा अल्बम काढला.

नॅशव्हिलच्या टेपांमध्ये आवाज सापडला होता, पण वाद्यांची काही कामं बाकी होती आणि अर्लला आपल्या दौऱ्यावर जायचं होतं. तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये रॉय बिटनकडे काम गेलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडचा हा पियानोवादक. इथे अकॉर्डियन आला, ऑर्गन आला, वादकांचा नवा संच आला. बडी मिलर, ग्रेग लीझ, चार्ली सेक्स्टन अशा नावाजलेल्या गिटारवादकांचे तुकडे अल्बमभर विखुरले आहेत. गंमत अशी की एवढे हात लागूनही ऐकताना गर्दी वाटत नाही. ‘जॉय’ हे गाणं जवळजवळ एकाच गिटारच्या ठेक्यावर चालतं. ‘ग्रीनव्हिल’मध्ये दोन बायकांचे आवाज आणि त्यांच्या मागे मोजकीच तारवाद्यं. हातांची संख्या वाढत गेली तसतसं टेपवरचं कामही खरवडलं जात होतं.

अंतिम मिश्रण जिम स्कॉट आणि रिक रुबिन यांच्या देखरेखीखाली झालं. रुबिनच्याच अमेरिकन रेकॉर्डिंग्ज कंपनीशी ल्युसिंडाचा करार होता, पण त्या कंपनीची स्वतःची घडी तेव्हा विस्कटलेली होती. पुरा झालेला अल्बम त्यामुळे कपाटात पडून राहिला. शेवटी मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख डॅनी गोल्डबर्ग यांनी तो विकत घेतला. म्हणजे सहा वर्षांतला काही भाग गायिकेच्या नव्हे, कंपनीच्या खात्यावर जातो. हे मात्र हेकटपणाच्या गोष्टीत सांगितलं जात नाही. रॉकमधले पुरुष वर्षानुवर्षं स्टुडिओत कोंडून घेतात तेव्हा त्यांना प्रतिभावंत म्हणतात, आणि बाईने तेच केलं की तिला डोकं फिरलेली म्हणतात, ही तक्रार ल्युसिंडाने पुढे अनेकदा केली. ती खोटी नाही.

अल्बम आल्यावर सूर पालटला. ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या वार्षिक मतदानात १९९८ मध्ये तो पहिला आला. १९९९ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं. पाच लाख प्रतींचा टप्पा गाठून तो ‘गोल्ड’ ठरला. तिच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. ‘रोलिंग स्टोन’च्या सर्वकालीन ५०० अल्बमांच्या २०२० मधल्या यादीत तो ९८ व्या क्रमांकावर आहे. ड्रम्सवरच्या डॉनल्ड लिंडलीला या यशाचा फार काळ उपभोग घेता आला नाही. १९९९ मध्ये कर्करोगाने त्याचं निधन झालं.

शीर्षकगीताची एक हकिगत ल्युसिंडाने बऱ्याच मुलाखतींतून सांगितली आहे. नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत तिने ते गायलं तेव्हा वडील श्रोत्यांत होते. कार्यक्रम संपल्यावर ते तिच्यापाशी आले आणि त्यांनी तिची माफी मागितली. कशाबद्दल, ते तिला कळेना. मागच्या सीटवरची ती मुलगी म्हणजे तू, असं त्यांनी सांगितलं. ती मुलगी आपणच आहोत हे गाणं लिहिताना तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. विशेषणं खोडायला शिकवणाऱ्या माणसाने गाण्यात न लिहिलेली गोष्ट वाचली. स्टुडिओतल्या सगळ्या हट्टाचं मोल मला या प्रसंगात दिसतं. गाण्याने स्वतः काहीच उलगडून सांगायचं नाही, असं ठरलं की उरलेला सगळा भार आवाजावर पडतो. तो जराही सपाट असून चालत नाही.

मिलर विल्यम्स १ जानेवारी २०१५ रोजी गेले, हँकच्याच तारखेला. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या तिच्या अल्बमात वडिलांच्या ‘कम्पॅशन’ या कवितेला तिने चाल लावली होती. २०१८ मध्ये ‘कार व्हील्स’ला वीस वर्षं झाली म्हणून तिने दौरा काढला आणि तेराही गाणी अल्बमच्या क्रमाने गायली. २०२० च्या नोव्हेंबरात पक्षाघाताचा झटका आला, गिटार वाजवणारे हात अडखळले, तरी गाणं थांबलेलं नाही.

‘कार व्हील्स’नंतरचा ‘एसेन्स’ २००१ मध्ये आला, तीन वर्षांच्या आत, कुठलीही रखडपट्टी न होता. कसं ऐकू यायला हवं हे आता ठरलं होतं, त्यामुळे शोधाशोध उरली नव्हती. त्यातल्या ‘गेट राइट विथ गॉड’ला २००२ मध्ये ग्रॅमी मिळालं, ते रॉक गायनाचं. १९९४ चं मिळालं होतं कंट्रीत आणि १९९९ चं ‘कार व्हील्स’साठीचं समकालीन लोकसंगीतात. रॉकवाल्यांनी कंट्रीकडे आणि कंट्रीवाल्यांनी रॉककडे पिटाळलेल्या गायिकेला तीन वेगवेगळ्या खणांतून बक्षिसं मिळाली. १९९९ साली अमेरिकाना म्युझिक असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, आणि २०१० पासून ‘अमेरिकाना’ अल्बमसाठी स्वतंत्र ग्रॅमी दिलं जाऊ लागलं. म्हणजे ‘कार व्हील्स’ला नेमका बसणारा खण तयार झाला तो अल्बम येऊन बारा वर्षांनी, आणि तो तयार होण्यात या अल्बमचाच मोठा वाटा होता.